ओढ, वेग आणि टिकाऊपणा : कोल्हारच्या रस्त्यावरील वाहनांचा इतिहास

अहमदनगरहून मनमाडकडे जो जुना रस्ता जातो, त्यावर प्रवरा नदीच्या कांठीं कोल्हार हें गांव आहे. भगवतीदेवीचें देवालय ही त्याची पंचक्रोशींतील ओळख. १८७८ सालीं दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला. परंतु तो राहुरी, बेलापूर, पुणतांबें अशा वळणानें गेला आणि कोल्हार त्याच्या पश्चिमेस राहिलें. आगगाडीची शीळ या गांवाच्या वेशींत कधीं घुमली नाहीं. त्याचें जें कांहीं दळणवळण झालें, तें रस्त्यानें. शिवाय येथून आणखी एक रस्ता फुटतो. लोणी, संगमनेर, अकोलें, राजूर अशीं गांवें घेत तो सह्याद्रीच्या पायथ्याशीं जातो, कळसूबाईच्या कुशींतील बारीचा चढ ओलांडतो आणि घोटीस नाशिक-मुंबई मार्गाला मिळतो. एका टोकाला सपाट काळी जमीन, दुसऱ्या टोकाला डोंगर. एका टोकाला उन्हाळ्यांत पिठासारखी उडणारी धूळ, दुसऱ्या टोकाला पावसाळ्यांतला मुसळधार. जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं बदलून अहिल्यानगर झालें. रस्त्याचा स्वभाव मात्र तोच राहिला.

अशा रस्त्यावर जें वाहन चालावयाचें, त्याच्या अंगीं तीन गुण लागतात. ओझें घेऊन जागेवरून हलण्याची ओढ, हललेलें ओझें वेळेवर पोंचविण्याचा वेग, आणि हें काम वर्षानुवर्षें करण्याची चिकाटी. हे तिन्ही गुण एका यंत्रांत एकाच वेळीं पूर्णांशानें नांदत नाहींत. एकाला वाढवावें तर दुसऱ्याला झीज पोंचते. गेल्या शंभर वर्षांत या रस्त्यावर जीं वाहनें आलीं, त्यांचा इतिहास म्हणजे या तीन गुणांमधील तडजोडीचा इतिहास होय.

प्रथम बैलगाडी होती. बैलजोडीची सतत काम करण्याची शक्ति मोजली, तर ती एक अश्वशक्ति किंवा त्याहून थोडी कमीच भरते, आणि तिचा वेग ताशीं दोन मैलांच्या आसपास असतो. आंकड्यांत पाहिलें तर हें बळ क्षुल्लक. परंतु तीच जोडी चिखलांत रुतलेली गाडी खांद्याच्या एका रेट्यासरशीं बाहेर काढते, कारण बैलाचा सर्वांत मोठा जोर तो अगदीं हळू चालत असतांना, किंबहुना थांबलेल्या स्थितींतून पाऊल उचलतांना प्रकट होतो. मोटेच्या धांवेवर बैल कसा उतरतो, हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना हें वेगळें सांगावयास नको. पाण्यानें भरलेली मोट विहिरीच्या तळाहून उचलावयाची, तेव्हां बैल दौडत नाहीं; तो अंगाचा भार जुंवावर टाकून एकेक पाऊल रोवीत जातो.

शक्ति आणि ओढ या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें येथें ध्यानांत घेतलें पाहिजे. घरांतील जातें हें याचें उत्तम उदाहरण. जात्याचा खुंटा कडेजवळ असतो, मध्यावर नसतो. खुंटा मध्याकडे सरकविला तर तीच बाई, तेंच जातें आणि तेच दाणे असूनही हात भरून येतील आणि पाळें फिरणार नाहीं. फिरविणारा जोर हा नुसत्या हाताच्या बळावर नव्हे, तर तें बळ मध्यापासून किती अंतरावर लागतें यावरही अवलंबून असतो. बळ आणि अंतर यांच्या गुणाकाराला यंत्रविद्येंत टॉर्क म्हणतात. आपण त्याला पिळाचा जोर म्हणूं. मिनिटाला किती फेरे होतात, हा प्रश्न त्यानंतरचा. पिळाचा जोर आणि फेरे यांचा गुणाकार म्हणजे शक्ति. जेम्स वॅटनें मिनिटाला ३३,००० फूट-पौंड काम म्हणजे एक अश्वशक्ति असें माप बांधून दिलें. त्यावरून सोपा हिशेब निघतो: फूट-पौंडांतील टॉर्कला मिनिटाच्या फेऱ्यांनीं गुणावें आणि ५,२५२ नीं भागावें, म्हणजे अश्वशक्ति येते. तेव्हां मोठी अश्वशक्ति दोन वाटांनीं मिळवितां येते. एक, पीळ मोठा आणि फेरे थोडे. दुसरी, पीळ लहान आणि फेरे पुष्कळ. कागदावर दोन्हींचें उत्तर एकच. चढावर आणि चिखलांत मात्र तें एक नसतें.

प्रवरेच्या कांठीं ओझें वाढूं लागलें तें पाटाच्या पाण्यानें. भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें; ओझरच्या बंधाऱ्यापासून डावा आणि उजवा कालवा निघाला आणि ज्या रानांत बाजरी पिकत होती, तेथें ऊंस उभा राहिला. हरेगांवीं बेलापूर कंपनीचा साखर कारखाना चालूं लागला. ऊंस हें मोठें अधीर पीक आहे. तोडल्याबरोबर त्याचें वजन उतरूं लागतें आणि त्यांतील साखर पालटूं लागते; म्हणून तो शक्यतों एका दिवसांत चरकांत गेला पाहिजे. जें ओझें उद्यांवर टाकतां येतें, त्याला बैलगाडी पुरते. जें ओझें आजच पोंचलें पाहिजे, तें नव्या वाहनाची मागणी करतें.

नवें वाहन तोंवर जगांत जन्माला आलें होतें. अमेरिकेंत हेन्री फोर्ड यांनीं १९०८ सालीं जी टी नमुन्याची मोटार काढली, तिच्या इंजिनाची शक्ति अवघी २० अश्वशक्ति होती, आणि तीही मिनिटाला १,६०० फेऱ्यांवर. परंतु तिचा सर्वाधिक पिळाचा जोर ८३ फूट-पौंड असून तो ९०० फेऱ्यांवरच मिळत असे. वरील हिशेब लावून पाहिला, तर कमाल शक्तीच्या वेळीं हाच जोर ६६ फूट-पौंडांवर उतरलेला दिसतो. याचा अर्थ असा, कीं गाडी जोरांत धांवत असतांना तिची ओढ घटते, आणि चढ लागून ती मंदावली म्हणजे ओढ वाढते. चढाशीं झुंजतांना यंत्र स्वतःच कंबर कसतें. अमेरिकेंतील शेतवाडींत कच्च्या रस्त्यांवर ती मोटार टिकली, त्याचें एक कारण हें. दुसरें कारण, तिच्यांत वापरलेलें व्हॅनेडियमयुक्त पोलाद. फेरे थोडे आणि धातु कसदार, अशी ती जोड होती.

फेऱ्यांचा आणि आयुष्याचा संबंध कसा येतो, हेंही पाहण्यासारखें आहे. इंजिनांतील दट्ट्या क्षणांत वर जातो, क्षणांत थांबतो आणि उलट खालीं येतो. प्रत्येक वेळीं त्याला थांबविण्याचा आणि पुन्हा ढकलण्याचा जो ताण दांड्यावर आणि बेअरिंगांवर पडतो, तो फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. फेरे दुप्पट केले, तर हा ताण चौपट होतो. शर्यतीच्या गाडीला हें चालतें, कारण तिचें आयुष्य एका दुपारचें असतें. ऊंस वाहणाऱ्या गाडीला हंगामामागून हंगाम काढावयाचे असतात. यावरून मंद चाल सदैव हितावह, असा समज मात्र कोणी करून घेऊं नये. वरच्या गिअरमध्यें, भरल्या ओझ्यानें, इंजिनाला फेऱ्यांत अगदीं खालीं रेटलें, तर तें धडधडतें. प्रत्येक स्फोटाचा आघात तेलाच्या पातळ पडद्यावर पडतो आणि बेअरिंग फुटतात. अनुभवी चालक अशा वेळीं म्हणतो, ‘गाडी गिअर मागते आहे.’ त्या साध्या बोलांत यंत्रशास्त्राचें अर्धें ज्ञान सांठविलेलें आहे.

जर्मनींत रुडॉल्फ डीझेल यांनीं याच प्रश्नाला दुसऱ्या अंगानें हात घातला. १८९७ च्या फेब्रुवारींत ऑग्सबुर्ग येथें त्यांच्या इंजिनाची जी परीक्षा झाली, तींत त्यानें मिनिटाला १५४ फेऱ्यांवर सुमारे १८ अश्वशक्ति दिली, आणि इंधनांतील उष्णतेचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग कामांत उतरविला. फोर्डच्या मोटारीहून या इंजिनाची शक्ति किंचित् कमीच; परंतु हिशेब केला तर पिळाचा जोर सहाशें फूट-पौंडांच्या घरांत जातो, म्हणजे फोर्डच्या सातपट. मग तेंच इंजिन गाडीवर कां चढलें नाहीं? कारण त्याचें वजन सुमारे साडेचार टन होतें. जो जोर मिळावयाचा, तो स्वतःचेंच ओझें वाहण्यांत खर्ची पडला असता. डिझेल इंजिन मालमोटारीवर बसण्याइतकें आटोपशीर होण्यास १९२० चें दशक उजाडावें लागलें.

तोंवर मुंबई इलाख्याच्या रस्त्यांवर खासगी मोटारी आल्या होत्या, आणि त्या बहुतेक पेट्रोलवर चालणाऱ्या. जितका उतारू मिळेल तितका घ्यावा, टपावर गाठोडीं बांधावीं, वेळापत्रक मालकाच्या मर्जीवर, असा तो काळ. १९३९ सालीं मोटार वाहन कायदा झाला आणि त्या बेबंद वाहतुकीला कायद्याची चौकट मिळाली. परंतु त्याच वर्षीं महायुद्ध पेटलें, पेट्रोलवर नियंत्रण आलें आणि प्रवासी मोटारींच्या पाठीमागें कोळशाच्या भट्ट्या लागल्या. पेटत्या कोळशावरून ओढलेला वायु इंजिनांत घ्यावयाचा, अशी ती योजना. ज्या वाचकांच्या घरीं त्या काळचीं माणसें आहेत, त्यांना चढावर उतरून गाडी ढकलल्याच्या आठवणी ऐकावयास मिळाल्या असतील. त्यांत अतिशयोक्ति नाहीं. कोळशाच्या वायूंत पेट्रोलच्या मानानें उष्णता कमी. त्यामुळें इंजिनाची शक्ति तिसऱ्या हिश्शानें आणि कधीं कधीं जवळजवळ निम्म्यानें घटे. शिवाय वायु नीट गाळला गेला नाहीं, तर त्यांतील राख सिलिंडरांत शिरून कानसेसारखी घासत राही. एकाच उपायानें ओढ, वेग आणि आयुष्य या तिन्हींना कात्री लागली; तथापि वाहतूक चालूं राहिली, हाच त्याचा लाभ.

त्याच युद्धानें दुसरें एक वाहन घडविलें, आणि तें पुढें महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत घरचें झालें. १९४० सालीं अमेरिकन सैन्यानें लहान, चारही चाकांनीं ओढणारी गाडी मागविली, तेव्हां तिच्या अटींत इंजिनाचा टॉर्क निदान ८५ फूट-पौंड असावा, असें घातलें होतें. चिखलांत काय कामास येतें, हें त्या सेनाधिकाऱ्यांनीं नीट ओळखलें होतें. विलीज कंपनीच्या इंजिनानें या मागणीला १०५ फूट-पौंड असें उत्तर दिलें. हें इंजिन सर्वस्वीं नवें नव्हतें. मुळांत ४८ अश्वशक्तीचें एक साधें चार सिलिंडरी इंजिन कंपनीजवळ होतें. मुख्य अभियंता डेल्मार रूस यांनीं त्याचा आकार न वाढवितां धातु बदलला, दट्टे हलके केले, भागांमधील जागा अधिक काटेकोर केली आणि तें परीक्षेच्या चौथऱ्यावर तासन् तास पूर्ण वेगानें फिरवून त्याचीं दुखणीं शोधून काढलीं. अखेर तें ४,००० फेऱ्यांवर ६० अश्वशक्ति देऊं लागलें, आणि कमाल टॉर्क २,००० फेऱ्यांवर मिळूं लागला. शक्ति वाढविण्याआधीं टिकाऊपणा वाढविला, म्हणून शक्ति वाढवितां आली, हा या प्रकरणांतील खरा धडा आहे.

जीपची ओढ केवळ इंजिनांत नव्हती. गिअरच्या चक्रांतही होती. पहिला गिअर, त्याच्या जोडीचा खालचा गिअर आणि मागील-पुढील धुऱ्यांतील दांतेरीं चक्रें या तिन्हींचा गुणाकार केला, तर इंजिनाचा पीळ चाकापर्यंत येतां येतां सुमारे पंचवीसपट होतो. चाकाच्या कडेवर मिळणारा जोर मग गाडीच्या स्वतःच्या वजनाशीं तुलना करतां येईल इतका मोठा भरतो. त्याची किंमत वेगानें चुकवावी लागते: या जोडींत इंजिन २,००० फेऱ्यांनीं फिरलें, तरी गाडी ताशीं सुमारे साडेसहा मैलच चालते. गिअर शक्ति निर्माण करीत नाहीं. तो वेग घेतो आणि ओढ देतो. जात्याचा खुंटा कडेला नेण्यासारखाच हा सौदा आहे.

युद्ध संपलें, देश स्वतंत्र झाला, आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्र कंपनी मुंबईंत जीप जुळवूं लागली. पुढें या गाडीला जें सुधारलेलें इंजिन आलें, त्याचा आकार तोच असून शक्ति ७२ अश्वशक्ति आणि टॉर्क ११४ फूट-पौंड झाला. शक्ति शेंकडा २० नीं वाढली, तर टॉर्क शेंकडा ९ नींही नाहीं. कारण नव्या रचनेंत हवा आंत घेणारी झडप मोठी करून वर बसविली होती आणि तिचा मुख्य फायदा जास्त फेऱ्यांवर मिळत होता. जाहिरातींतील मोठा आंकडा नेहमीं घाटांतल्या कामाचा आंकडा नसतो, याचें हें बोलकें प्रमाण होय.

फाळणीच्या वेळीं अहमदनगरला आणखी एक वारसा मिळाला. लष्करी वाहनांची तपासणी करणारी जी संस्था १९२९ पासून रावळपिंडीजवळ चकलाला येथें होती, ती १९४७ सालीं अहमदनगरांत आली. कालांतरानें तिच्यांतूनच वाहन संशोधन आणि विकास संस्था उभी राहिली. दगडगोट्यांच्या, खांचखळग्यांच्या आणि तीव्र चढांच्या मुद्दाम बांधलेल्या वाटांवरून वाहनें मैलोगणती चालवून तीं कोठें मोडतात हें पाहणें, हें अशा संस्थांचें काम. टिकाऊपणा डोळ्यांना दिसत नाहीं आणि कागदावर मोजतां येत नाहीं. तो मोजावयाचा तर गाडी मोडेपर्यंत चालवावी लागते.

१ जून १९४८ रोजीं पुणें आणि अहमदनगर यांच्या दरम्यान सरकारी राज्य परिवहनाची पहिली मोटार धांवली. आरंभीं या सेवेच्या ताफ्यांत शेव्हरोले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, आल्बियन, लेलँड, कॉमर, फियाट अशा दहा घराण्यांच्या गाड्या होत्या. दहा घराणीं म्हणजे दहा प्रकारचे क्लच, दहा मापांचे दट्टे आणि दहा तऱ्हेचे सुटे भाग. गाडी कितीही मजबूत असली, तरी तिचा एखादा भाग वेळेवर मिळाला नाहीं तर ती आगारांत उभीच. टिकाऊपणा हा जसा धातूचा गुण आहे, तसा तो व्यवस्थेचाही गुण आहे, हें या सेवेच्या पहिल्या वर्षांनींच शिकविलें.

कोल्हारपासून जवळच, लोणीच्या माळावर, यानंतर जें घडलें त्यानें रस्त्याचें भवितव्य ठरलें. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानें शेतकऱ्यांनीं स्वतःच्या भागभांडवलावर सहकारी साखर कारखाना उभारला आणि १९५०-५१ च्या हंगामांत त्याचें धुराडें पेटलें. आतां ऊंस हा दुसऱ्याच्या कारखान्याचा कच्चा माल राहिला नाहीं. रस्त्यांत अडकलेल्या गाडीवर सुकणारा ऊंस हा भागीदाराचाच तोटा ठरूं लागला. बैलगाडी या कामांतून गेली नाहीं. तिला रबरी धांवा लागल्या आणि ती ‘डनलॉपची गाडी’ झाली. पण तिच्या शेजारीं ट्रक आला आणि मागाहून ट्रॅक्टर आला.

१९५४ सालीं जमशेदपुरास टाटांनीं जर्मनींतील डायम्लर-बेंझ कंपनीच्या सहकार्यानें डिझेल ट्रक बांधण्यास सुरवात केली. सहा सिलिंडरांचें तें इंजिन. पेट्रोलच्या इंजिनाहून जड आणि किमतीनें अधिक. परंतु हळू फिरणारें, खालच्या फेऱ्यांवर भरपूर ओढणारें आणि थोडक्या इंधनांत लांब जाणारें. डिझेलमध्यें हवा फार दाबली जाते, म्हणून त्याचा सांगाडा जाड करावाच लागतो. तोच जाडपणा मग दीर्घायुष्याचें कारण होतो. पुढें टाटांच्या गाड्यांना जीं आंकडी नांवें मिळालीं, तीं चालकांच्या जिभेवर रुळलीं. ‘१२१०’ म्हणजे भरल्या गाडीचें वजन १२ टन आणि शक्ति १०० अश्वशक्तीच्या आसपास. १९८६ सालीं आलेल्या ‘४०७’ चा अर्थही त्याच रीतीनें ४ टन आणि ७० अश्वशक्ति. या नांवांत ओझें आहे, शक्ति आहे. ओढ नाहीं आणि आयुष्यही नाहीं. तीं दोन्ही चालकाला अनुभवानें शोधावीं लागत.

ट्रॅक्टरानें या प्रश्नाला सर्वांत सरळ उत्तर दिलें. १९६३ सालीं महिंद्र आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या भागीदारींतून मुंबईंत जो बी-२७५ ट्रॅक्टर निघूं लागला, त्याची शक्ति ३५ अश्वशक्तीच्या घरांतली, म्हणजे जीपच्या निम्म्याच्या आसपास. तरीही उंसानें लादलेल्या दोन ट्रॉल्या ट्रॅक्टर ओढतो, आणि जीप त्या ओढूं शकत नाहीं. ट्रॅक्टरानें वेगाचा हव्यासच सोडून दिलेला असतो. त्याचे फेरे थोडे, फिरतें चक्र जड, चाकें उंच आणि गिअर मोठे. बैलाचाच तो लोखंडी अवतार म्हणावयाचा.

लहान ओझ्यासाठीं मात्र वेगळें वाहन हवें होतें, आणि त्याच्या इतिहासांत नगरचें नांव आहे. अहमदनगरच्या फिरोदिया घराण्यांतील नवलमल फिरोदिया यांनीं १९५८ सालीं जर्मनींतील टेम्पो कंपनीच्या सहकार्यानें बजाज टेम्पो कंपनी स्थापिली. तिची तीन चाकी मालगाडी इतकी पसरली, कीं ‘टेम्पो’ हें कंपनीचें नांव न राहतां मराठींतील सामान्य नाम झालें. आज कोणत्याही घराण्याची लहान मालगाडी कोल्हारच्या बाजारांत उभी असली, तरी भाजीवाला तिला टेम्पोच म्हणतो. लहान इंजिन, थोडें ओझें, जवळची खेप. ही मर्यादा जोंवर पाळली गेली, तोंवर तें वाहन इमानें वागलें. मर्यादा मोडली, कीं क्लच जळे आणि धुरा वाके.

१९७३ सालीं जगांत तेलाचे भाव भडकले. पेट्रोलवर चालणारी जीप पोसणें ग्रामीण मालकाला जड जाऊं लागलें आणि जीपच्या पोटांत डिझेल इंजिन आलें. त्यांतील एक, प्यूजो कंपनीच्या रचनेचें, २,११२ घन सेंटिमीटरचें, पुष्कळ चाललें. पेट्रोल जीप चपळ होती. डिझेल जीप थरथरे, आवाज करी, धूर सोडी. तरी लोकांनीं तिचा स्वीकार केला, कारण दिवसाकांठीं हातांत काय उरतें, हा प्रश्न आवाजापेक्षां मोठा होता.

एकविसाव्या शतकांत या तडजोडीचें स्वरूप पालटलें. नाशिकच्या कारखान्यांतून २००० सालापासून जी बोलेरो गाडी निघूं लागली, तिच्या अलीकडच्या दीड लिटरच्या डिझेल इंजिनाची शक्ति ७५ अश्वशक्ति आहे, म्हणजे सुधारलेल्या जुन्या जीपहून किंचित् अधिक. टॉर्क मात्र २१० न्यूटन-मीटर, आणि तो १,६०० फेऱ्यांपासूनच पूर्ण मिळतो. जुन्या विलीजचा टॉर्क याच मापांत १४२ भरतो, आणि तेंही सव्वादोन लिटरच्या इंजिनांतून. लहान इंजिनानें मोठ्यावर मात केली ती टर्बोच्या बळावर. बाहेर जाणाऱ्या धुराच्या झोतानें एक लहानसा पंखा फिरवावयाचा, त्यानें हवा दाबून सिलिंडरांत भरावयाची आणि विजेच्या मेंदूनें इंधन मोजून सोडावयाचें, अशी ही रचना. फेरे न वाढवितां पीळ वाढविण्याची जी इच्छा रूस आणि डीझेल यांच्या काळापासून अभियंत्यांच्या मनांत होती, ती येथें बरीचशी फळाला आली.

परंतु सौदा संपलेला नाहीं. त्याची बाजू बदलली आहे. जुन्या जीपचें इंजिन वडाच्या झाडाखालीं, चार पान्यांनीं आणि एका हातोड्यानें उघडतां येई. ज्याला अक्षरओळख नाहीं, असा मिस्तरीही आवाजावरून त्याचें दुखणें सांगे. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे जे कडक नियम लागू झाले, त्यांनीं शहरांतील हवेचें हित साधलें. पण त्यांसाठीं इंजिनावर गाळण्या, संवेदक आणि तारांचें जाळें चढलें. भेसळीचें डिझेल किंवा तुंबलेली हवेची गाळणी जुनें इंजिन कुरकुरत सोशी. नवें तें सोशीत नाहीं. टिकाऊपणा आतां धातूच्या जाडीवर कमी आणि निगेच्या शिस्तीवर अधिक अवलंबून आहे. म्हणजे निगा राखण्याची साधनें ज्याच्याजवळ नाहींत, त्याच्यासाठीं उत्तम इंजिनही अल्पायुषी ठरूं शकतें.

शहरांतील घरांना हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. तेथें मोटार म्हणजे सोय. कोल्हारसारख्या गांवीं ती बहुधा कर्जावर घेतलेली उपजीविका असते. ज्यानें शेत गहाण टाकून टेम्पो घेतला, त्याच्या दृष्टीनें इंजिनाचें आयुष्य आणि कर्जाची मुदत यांची शर्यत लागलेली असते. इंजिन आधीं थकलें, तर घर थकलें. म्हणूनच तो ओझें वाढवितो, खेपा वाढवितो. आणि ज्या ओझ्यानें कर्ज लवकर फिटावयाचें, त्याच ओझ्यानें क्लच, धुरा आणि बेअरिंग लवकर झिजतात. बारीच्या उतारावर तर प्रश्न पैशाचाही राहत नाहीं. चढतांना जी ओढ लागते, उतरतांना तितकाच अटकाव लागतो; आणि ज्या गिअरनें चढ चढला, त्याच गिअरमध्यें उतरावें, हा जुन्या चालकांचा नियम ब्रेक तापून निकामी होऊं नयेत म्हणून आहे. तो मोडणाऱ्यांची किंमत माणसांच्या प्राणांनीं चुकती होते.

साखरेच्या पुड्यांत, भाजीच्या टोपलींत आणि दुधाच्या भांड्यांत शहरापर्यंत जें येतें, त्यांत या ओढीचा, वेगाचा आणि चिकाटीचा वांटा असतो. हिवाळ्यांत गळिताचा हंगाम सुरू झाला, म्हणजे प्रवरेच्या पुलावरून रात्रभर उंसाच्या गाड्या जात असतात. त्यांत ट्रॅक्टर असतात, ट्रक असतात, आणि रबरी धांवांची बैलगाडीही असते. पुढें यंत्र घरघरत निघून जातें. मागून बैलांच्या गळ्यांतील घुंगरांचा नाद येत राहतो. शंभर वर्षांच्या शोधानंतरही तो नाद त्या रस्त्यावरून सर्वस्वीं लोपलेला नाहीं. ओझें जागेवरून हलविण्याची जी विद्या यंत्रानें इतक्या सायासानें मिळविली, ती त्या मुक्या जनावराला उपजतच होती.